शनिवारचे दोन पेले

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मला कोणी सांगायला नको. माझ्या बुडाशी एक पोचा आहे, टोपण जरा तिरके बसते आणि अंगावर इतके ओरखडे आहेत की आता माझ्यात तोंड पाहायला कोणी येत नाही. मी एक शेकर आहे. स्टीलचा, तीन तुकड्यांचा: खाली पोट, वर चाळणीचे टोपण आणि त्यावर अंगठ्याएवढी टोपी. पोटात बर्फ, व्हिस्की आणि लिंबाचा रस घालून मला खांद्याशी धरतात, खडाखडा हलवतात आणि पेल्यात ओततात. शाळेतल्या वहीत छत्रीला, खुर्चीला, फाटक्या पुस्तकाला आपली कहाणी सांगायला मिळते. मला ती संधी कोण देणार? म्हणून, मोठ्या झालेल्या मित्रांनो, मी तुम्हालाच गाठले आहे. एक आधीच कबूल करतो: ही गोष्ट माझ्या चांगुलपणाची नाही. मी फार जळलो. स्टील जळत नाही म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

माझा जन्म दुधाच्या किटल्या करणाऱ्या एका कारखान्यात झाला. किटल्यांचे काम कमी असले की तिथे आमच्यासारखी किरकोळ भांडी करत. पॉलिश करणाऱ्या बाईने मला फिरत्या चाकाशी धरून चकचकीत केले, माझ्यात पाहून स्वतःचे केस सारखे केले आणि टोपण तीनदा लावून काढून बघितले. तिसऱ्यांदा ते निघेना.

"घट्ट बसतंय," ती शेजारणीला म्हणाली. "जरा जास्तच. पण स्वभावाला औषध नाही."

तिने मला खोक्यात घातले. तेव्हा मला ते कौतुकच वाटले होते.

चष्मेवाल्यांच्या लग्नात त्यांच्या थोरल्या बहिणीने मला भेट म्हणून दिले. चष्मेवाले म्हणजे माझे मालक. चौकातल्या कोपऱ्यावर त्यांचे दुकान आहे: पुढे भिंतभर फ्रेमी, मागे अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची. मालकीणबाई एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. दोनशे मुलांचे जेवण आधी त्यांच्या जिभेवरून जायचे आणि मगच पंगतीत. दोघांच्या घरात त्या वेळी दारूचा थेंबही येत नसे, त्यामुळे माझे काय करावे हे कोणालाच कळले नाही. बाईंनी माझ्यात विणायच्या सुया ठेवल्या. पुढे मुलगी झाली, तिने रंगाचे ब्रश बुडवले. वीस वर्षे मी असा दुसऱ्यांची कामे करत बसलो होतो, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला कोणाचाही हेवा वाटत नव्हता. ज्याला स्वतःची जागाच नाही, त्याला ती जाण्याची भीती कसली?

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि घरात दोघेच उरली. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाने चष्मेवाल्यांना स्कॉचची बाटली आणून दिली. बाईंनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"हे पिऊन लोकांना आनंद होतो?"

"तुझा नंबर सापडलेला नाही अजून," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा धंद्यातला ठाम समज असा, की प्रत्येकाला नीट दिसते, फक्त योग्य काच सापडायला हवी. त्यांनी लिंबू पिळले, मध घातला, कुठल्याशा पुस्तकातले चित्र पाहून मला शोधून काढले, बर्फ भरला आणि जोरात हलवले. अंगठ्याएवढी टोपी लावायचे मात्र राहून गेले. व्हिस्की छताला लागली, दिव्याला लागली, बाईंच्या केसांत गेली. बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची ओढून बसावे लागले. त्यांनी मनगटावरचा थेंब चाटला आणि म्हणाल्या, "हे बरंय की."

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमचा कार्यक्रम ठरला. चष्मेवाले दोन छोटे पेले करत. एकात मध जास्त, एकात आल्याचा रस. एकात लिंबू, एकात संत्रे. मग ते दोन्ही पेले बाईंपुढे धरून, दुकानात काचा बदलताना विचारतात अगदी तसे विचारत, "हा बरा की हा?" बाई दोन्हींचा वास घेत, घोट घेत, डोळे मिटत. "पहिला. दुसऱ्यात लिंबू मध्येच बोलतंय." किंवा, "दुसरा. पण मध कमी करा, गळ्याला चिकटतो." नापास झालेला पेला चष्मेवाले स्वतः पीत. दोन्ही पेले माझ्याच पोटातून निघत, त्यामुळे कोणीही जिंकले तरी मीच जिंकत असे. तीन वर्षे मी असा राजासारखा होतो. पाहुणे आले की मला टेबलाच्या मध्यभागी मांडत.

मग एका शनिवारी बाईंचा धाकटा भाऊ आला. तो एका मोठ्या हॉटेलात पेये बनवतो आणि बसल्या जागी चार लोकांना शहाणपण शिकवल्याशिवाय उठत नाही. चष्मेवाले त्या दिवशी नुसती स्कॉच आणि वरमूथ, म्हणजे मसाल्याची गोड वाइन, माझ्यात भरून हलवत होते. त्याने कपाळाला हात लावला.

"भाऊजी, काय करताय हे? रस असला तरच हलवायचं. नुसती दारूच दारू असेल तर ढवळायचं. हलवलंत की गढूळ होते, पाणी सुटतं. शेकर हे काय प्रत्येक गोष्टीचं औषध आहे का?"

पुढच्या वेळी येताना त्याने एक भांडे आणले. जाड काचेचे, अंगभर नक्षी कोरलेले, ओतायला चोच असलेले, आणि सोबत पीळ घातलेला लांबलचक चमचा. मी त्याच क्षणी त्याचे नाव बिल्लोरराव ठेवले. सवत पुरुषाला असते की नाही मला माहीत नाही, पण त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखले ते सवतीचेच दुखणे होते.

बिल्लोररावांना खिडकीतली जागा मिळाली, उन्हात. मी ओट्याखालच्या कपाटात गेलो. चष्मेवाले ढवळताना आवाज करत नसत. चमचा काचेला लावून चाळीस वेढे मोजत, आणि त्यांचा चेहरा देवळात उभ्या राहिलेल्या माणसासारखा होई. हे सगळे मी गिळले असते. पण काम झाल्यावर ते बिल्लोररावांना निळ्या फडक्याने पुसत. ते फडके त्यांनी दुकानातून आणले होते, चष्म्याच्या काचा पुसायचे, मऊसूत. मला मात्र भांड्यांचे खरखरीत फडके. तीन वर्षांच्या सेवेनंतर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी मनाशी म्हटले, नव्याचे नऊ दिवस. सुरुवातीला तसे झालेही. शनिवारी आता पहिला पेला माझा, लिंबाचा, आणि दुसरा बिल्लोररावांचा, नुसत्या दारूचा, असा क्रमच पडला होता. बाई कधी मला निवडत, कधी त्याला, आणि कारणे देत. सामना बरोबरीत चालला होता. मग थंडीत बाईंना ताप आला. तीन आठवडे त्या अंथरुणावर होत्या आणि तीन शनिवार आम्ही दोघेही कोरडे राहिलो. बाई उठून पुन्हा कामाला लागल्या, शनिवार पुन्हा सुरू झाला. चष्मेवाल्यांनी दोन पेले धरले.

"हा बरा की हा?"

"दुसरा," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारीही दुसरा. त्याच्या पुढच्याही. मी लिंबू बदलून आलो, मध बदलून आलो, एकदा तर अंड्याच्या पांढऱ्याचा जाड फेस घेऊन आलो. दुसरा. आता त्या कारणही देत नव्हत्या. चष्मेवाले खूश होऊन म्हणत, "बघ, ढवळल्याने किती फरक पडतो," आणि भांडी विसळायला जात. मी नळाखाली उपडा पडून जळफळत असे.

मित्रांनो, मत्सराला हातपाय नसले तरी तो वाट काढतो. बर्फाने माझे अंग आकसते आणि टोपण चिकटते, हा आमच्या जातीचा दोष आहे. थोडा धीर धरला तर टोपण सुटतेही. पण मी सोडायचेच नाही असे ठरवले. चष्मेवाले पिळत, ओट्यावर आपटत, कोमट पाणी सोडत. मी दात आवळून बसे. बुडाचा पोचा तेव्हाचा. "म्हातारा झालाय हा," ते म्हणू लागले. त्यामुळे माझेच काम आणखी कमी झाले, पण जळणाऱ्याला तेवढे शहाणपण कुठून असणार?

आता सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. एके दुपारी चष्मेवाले दुकानात होते. बाईंनी गॅसवर चहाचे आधण ठेवले होते आणि त्या पाठमोऱ्या उभ्या राहून नळाखाली कपबशा धूत होत्या. ते निळे फडके शेगडीला खेटून पडले होते. त्याचा कोपरा आधी तपकिरी झाला, मग काळा, मग त्यातून धूर निघू लागला. बाई दोन हातांच्या अंतरावर होत्या आणि गुणगुणत होत्या. धूर सगळ्या स्वयंपाकघरात पसरला, तरी त्यांनी मान वळवली नाही. डोळे चुरचुरले तेव्हा त्या वळल्या, तोपर्यंत जाळ भिंतीवर दिसत होता. त्यांनी फडके चिमट्याने धरून पाण्यात टाकले. मग बराच वेळ ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग खिडक्या उघडल्या, जळके फडके कागदात गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दडपले.

मी हे सगळे निथळायच्या जाळीवरून पाहिले. आणि माझ्या मनात काय आले असेल? बरे झाले, जळले एकदाचे. आता बघू बिल्लोररावांना कशाने पुसतात. कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते. मला फडके दिसले, बाई दिसल्याच नाहीत.

"ते निळं फडकं कुठे गेलं गं?" चष्मेवाल्यांनी संध्याकाळी विचारले.

"धुवायला टाकलंय," बाई म्हणाल्या.

त्यानंतर आली धुराची स्कॉच. काही ठिकाणी धान्य दलदलीतल्या मातीच्या ढेकळांच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे त्या व्हिस्कीला जळक्या लाकडासारखा, काहीसा दवाखान्यासारखा वास असतो. चष्मेवाल्यांना वाटले, बाई नाक मुरडतील, थोडी गंमत येईल. त्यांनी ती माझ्यात घातली आणि साधी स्कॉच बिल्लोररावांना दिली. बूच काढल्याबरोबर असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या आजी दार वाजवून विचारून गेल्या, "काही जळतंय का हो तुमच्याकडे?" त्यांना वाटेला लावून चष्मेवाल्यांनी पेले पुढे केले. बाईंनी पहिला घेतला, दुसरा घेतला.

"दुसरा. पहिला काय, नेहमीसारखाच."

त्या दिवशी ते भांडी विसळायला गेले नाहीत, हातात रिकामा पेला धरून बाईंकडे बघत राहिले.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला एकट्यालाच बाहेर काढले. बिल्लोरराव खिडकीतच राहिले. मला इतका आनंद झाला की मी टोपण चिकटवायचे विसरलो. स्कॉच, लिंबू, मध. जुनेच प्रमाण, पहिल्या वर्षीचे. चष्मेवाल्यांनी मला हलवले आणि दोन्ही पेले माझ्यातूनच भरले, एकाच ओतात.

"हा पहिला," ते बाईंना म्हणाले. "आणि हा दुसरा."

बाईंनी दोन्ही चाखले. "दुसरा."

"नक्की?"

"नक्की. पहिला वाईट नाही, पण दुसऱ्याला मजा आहे."

"परत घे. घाई नाही."

"दुसराच हो. आता मलाही खुर्चीत बसवून तपासणार का?"

चष्मेवाले बाईंसमोर बसले. मित्रांनो, डोळे तपासताना त्यांची एक युक्ती असते, ती त्यांनी पूर्वी पाहुण्यांना अनेकदा सांगितली आहे. ते मुद्दाम एकच काच दोनदा लावतात. ज्याला दिसते तो म्हणतो, सारखंच आहे. ज्याला दिसत नाही आणि कबूलही करायचे नाही, तो ठासून सांगतो की दुसरी चांगली.

"दोन्ही एकच आहेत गं," चष्मेवाले म्हणाले.

बाईंनी पेला खाली ठेवला.

"तापापासून," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग सर्दी गेली आणि वास आलाच नाही. जिभेला खारट, गोड, आंबट एवढं कळतं. बाकी सगळं पाणी."

"आणि शाळेत?"

"मापं पाठ आहेत. मदतनीस चाखते, मी मान हलवते." त्यांनी पदराने नाही, मनगटानेच डोळे पुसले. "पण दोनशे पोरं आहेत हो. एखाद्या दिवशी काही नासलेलं असलं आणि मला कळलंच नाही तर? ते निळं फडकं धुवायला नव्हतं टाकलं. जळलं. मी तिथेच उभी होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की खरं झालं असतं. आणि तुम्ही इतक्या हौसेने दोन पेले घेऊन उभे राहता. एवढा एक शनिवार तरी होता तसा राहू दे, असं वाटलं."

"मग दर वेळी दुसराच का?"

"पहिला म्हटलं की तुम्ही दहा प्रश्न विचारता, दुसऱ्यात काय कमी पडलं म्हणून. दुसरा म्हटलं की खूश होऊन भांडी विसळायला जाता."

ज्या उत्तरावर मी सगळी थंडी जळत होतो, ते भांडी विसळण्यावरून ठरत होते! तिथे ना मी हरलो होतो, ना बिल्लोरराव जिंकले होते. आमच्यापैकी कोणाचीही चव त्या बाईंपर्यंत पोचलीच नव्हती.

चष्मेवाले हळूच म्हणाले, "माझ्याकडे एक ट्रकवाला येतो. पाटीवरची अक्षरं पाठ करून येतो, शेवटच्या ओळीपर्यंत. मला त्याचा राग येत नाही. पण त्याला तसाच जाऊ देत नाही मी."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्यापासून लपवत होते."

सोमवारी दोघे मिळून शाळेत गेली आणि बाईंनी मुख्याध्यापिकांना सगळे सांगितले. नोकरी राहिली, पण चाखायचा चमचा मदतनीसकडे गेला. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितले, नाकाला पुन्हा शिकवावे लागते. शिकेल किंवा शिकणारही नाही. त्यासाठी चार बरण्या आल्या: लिंबाची साल, लवंग, कॉफी, आणि चौथीत धुराच्या स्कॉचमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. रोज सकाळी बाई एकेक बरणी नाकाशी धरतात आणि चष्मेवाले शेजारी उभे राहून विचारतात. स्वयंपाकघरात धूर झाला तर ओरडणारे एक यंत्रही छताला लागले आहे.

शनिवार बंद पडला नाही. फक्त आता एकच पेला होतो, दोघांत. नुसत्या दारूची ढवळलेली नजाकत सगळी वासात असते, ती बाईंना काय कामाची? त्यांना कळतो तो गारवा, अंड्याच्या फेसाचा मऊपणा, लिंबाचा आंबटपणा आणि आल्याचा चटका. हे सगळे हलवल्याशिवाय होत नाही. म्हणजे माझ्याशिवाय होत नाही. बिल्लोरराव ओट्याखालच्या कपाटात गेले आणि खिडकीतली जागा मला मिळाली. दुकानातून नवे निळे फडके आले आहे. चष्मेवाले त्याने मला पुसतात, टोपीच्या खाचेपर्यंत.

मित्रांनो, मला जे जे हवे होते ते सगळे मिळाले. पहिले दोन दिवस मी उन्हात मिरवलोही, खोटे कशाला बोलू? पण खिडकीतून बरण्या जवळून दिसतात. "लिंबू?" "काही नाही." "लवंग?" "काही नाही." "कॉफी?" "नाही हो." रोज सकाळी, चहाच्या आधी. अशा वेळी उन्हात चकाकायला नको वाटते.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला धुऊन, टोपण काढून, उपडा वाळत घाला. ओला मिटून ठेवू नका, आणि टोपण चिकटले तर आपटू नका, हातांच्या उबेत धरा. आणि घरातले कोणी दर वेळी एकच उत्तर देऊ लागले, कारण न देता, तर त्यावर खूशही होऊ नका आणि माझ्यासारखे जळूही नका. जवळ बसा आणि पुन्हा विचारा.

माझे म्हणाल, तर मी आता एकाच सकाळची वाट पाहतो आहे. बाई चौथी बरणी उघडतील, नाक मुरडतील आणि म्हणतील, "शी, हे काय जळकं ठेवलंय?" मग त्याच शनिवारी चष्मेवाले बिल्लोररावांना बाहेर काढतील, चाळीस वेढे मोजून ढवळतील, आणि बाई दोन्ही पेले चाखून मला खुशाल नापास करतील, पण कारण देऊन. मला कपाटात मागच्या रांगेत ठेवले तरी चालेल. अगदी कोपऱ्यात नको, पण मागच्या रांगेत चालेल.